फायबरची परवानगी 67 दिवसांत मिळेल, पण रस्ता कोण बुजवणार?

धायरी_फाटा (धागाकर्ता)

"नेट स्लो आहे, कोणतं घेऊ?" हा धागा इथे दर पावसाळ्यात निघतो आणि दर वेळी कंपन्यांची नावं घेऊन हमरीतुमरी होते. हा धागा त्यासाठी नाही. वायर जमिनीखाली जाण्याआधी कागदावर आणि रस्त्यावर जे काही होतं, त्यावर बोलायचंय. या कामातले लोक इथे आहेत हे माहितीये, म्हणून मुद्दाम इथेच लिहितोय.

आधी सरकारनं काय केलंय ते थोडक्यात. इतकी वर्षं सगळा कारभार 1885 च्या तार कायद्यावर चालू होता. 2016 मध्ये त्याच कायद्याखाली 'राइट ऑफ वे'चे नियम आले. म्हणजे दुसऱ्याच्या जागेतून केबल न्यायचा हक्क कसा मागायचा, किती दिवसांत उत्तर द्यायचं, किती पैसे घ्यायचे. अर्जाच्या प्रशासकीय खर्चापोटी किलोमीटरला 1000 रुपयांपेक्षा जास्त घेता येणार नाहीत, असं त्यात लिहिलं होतं. मे 2022 मध्ये 'गतिशक्ती संचार' पोर्टल आलं, हेतू हा की कंपनीनं प्रत्येक कार्यालयाच्या पायऱ्या झिजवू नयेत. मग 2023 चा नवा दूरसंचार कायदा आणि त्याखालचे 2024 चे राइट ऑफ वे नियम. हे 1 जानेवारी 2025 पासून लागू आहेत. यात 67 दिवसांत होय किंवा नाही सांगायचं, गप्प बसलात तर परवानगी दिली असं धरलं जाणार.

फरक पडला का? पडला. राष्ट्रीय ब्रॉडबँड अभियानाचा दुसरा टप्पा जानेवारी 2025 मध्ये जाहीर झाला, त्यातले सरकारचेच आकडे आहेत: अर्ज निकाली निघायला 2019 मध्ये सरासरी 449 दिवस लागत होते, ते 60 वर आले, आणि 2030 पर्यंत 30 वर आणायचेत. 449 वरून 60 म्हणजे थट्टा नाही. श्रेय द्यायला हवं.

आता आमच्या गल्लीकडे या. फायबर मुख्य रस्त्यापर्यंत आलंय. तिथून आमच्या इमारती हाकेच्या अंतरावर. कंपनीचा माणूस म्हणतो, "साहेब, परवानगीचं टेन्शन नाही, खोदाईचं चलन परवडत नाही." पुण्यात खासगी कंपनीला रस्ता खोदायचा दर धावत्या मीटरला बारा हजारांच्या घरात आहे, हे वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षं येतंय. म्हणजे किलोमीटरला सव्वा कोटीच्या आसपास. दिल्लीच्या नियमात 1000 रुपये आणि इथे सव्वा कोट! दोन्ही कायदेशीर, कारण 1000 हे अर्जाचे आणि बाकीचे रस्ता पूर्ववत करायचे. नियमानं पहिल्याला लगाम घातला. दुसरा आमच्याकडे तरी मोकळाच दिसतो.

माझं म्हणणं एवढंच: अडचण आता परवानगीत उरलेली नाही. ती रस्ता पूर्ववत करायच्या पैशात आणि जबाबदारीत आहे. तिथे हात घातल्याशिवाय 67 चे 30 दिवस केले काय आणि 3 केले काय, आमच्या गल्लीला सारखंच. रस्ता करतानाच खाली डक्ट, म्हणजे केबल ओढायला रिकामी पाइप, टाकून ठेवावी आणि मागेल त्या कंपनीला भाड्यानं द्यावी, यापलीकडे मला तरी उपाय दिसत नाही. कामातल्या मंडळींनी लिहा.

---

नारायण_पेठी

वाचतोय. आमच्याकडे खोदायचा प्रश्नच नाही. वाड्याच्या गॅलरीतून हात लांब केला तर चार कंपन्यांच्या वायरी धरता येतात. टीव्हीची, नेटची, बंद पडलेल्या नेटची, आणि एक कुणाचीच नसलेली.

---

बोअर_मशीन

धागा चांगला. मी ओएफसीच्या (ऑप्टिकल फायबर केबलच्या) कामावर सुपरवायझर आहे, सबकॉन्ट्रॅक्टरकडे. कंपनी सांगणार नाही.

लोकांना वाटतं खोदाई म्हणजे जेसीबी आणि चर. शहरात आता बरंचसं काम एचडीडीनं होतं, आम्ही त्याला बोअर मारणं म्हणतो. एका टोकाला खड्डा, दुसऱ्या टोकाला खड्डा, मधे मशीन आडवं भोक पाडत जातं, बेंटोनाइटचं (एक प्रकारच्या चिकणमातीचं) पाणी सोडत, आणि परत येताना एचडीपीईचा (प्लास्टिकचा) पाइप ओढून आणतं. वरचा रस्ता शाबूत राहतो. म्हणून त्याचा दर उघड्या चरापेक्षा कमी असतो.

पण बोअर मारताना खाली काय आहे ते दिसत नाही. रॉडच्या टोकाशी सोंड असते, तिचा सिग्नल वरून एक पोरगा हातातल्या लोकेटरवर पकडत चालतो आणि ओरडून खोली सांगतो, "एक वीस... एक तीस..." त्याला आपली सोंड कुठे आहे ते कळतं. पाण्याची लाइन कुठे आहे ते कळत नाही. ती नकाशावर एकीकडे आणि जमिनीत दुसरीकडे. रात्रीचे दोन वाजलेत, वाहतूक शाखेनं पहाटे पाचपर्यंतच वेळ दिलीय, आणि खड्ड्यातून बेंटोनाइटऐवजी स्वच्छ पाणी वर यायला लागलं की समजायचं, लाइन फुटली. मग सकाळी अख्ख्या भागात पाणी नाही आणि आम्ही गुन्हेगार.

यासाठी केंद्रानं मार्च 2023 मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' अ‍ॅप काढलं. खोदणाऱ्यानं जागा टाकायची, त्या जागेखाली ज्यांच्या लाइनी आहेत त्यांना मेसेज जातो, ते तुमच्याशी बोलतात. त्या वेळी सरकारनं सांगितलं होतं की बेधडक खोदाईनं देशाचं वर्षाला 3000 कोटींचं नुकसान होतं आणि फायबर तुटायचे प्रकार वर्षाला दहा लाखांच्या आसपास. कल्पना एक नंबर. पण अ‍ॅपला तेवढंच माहीत असणार जेवढं कुणीतरी त्यात भरलंय. जुन्या पेठांतल्या लाइनी कुठून जातात हे ज्यांना माहीत होतं ते कधीच रिटायर झाले.

दुसरं म्हणजे हद्दी. बालेवाडीतून हिंजवडीला केबल न्यायची म्हटली तर निघताना पुणे मनपा, मधे पिंपरी-चिंचवड मनपा, हायवे ओलांडायला राष्ट्रीय महामार्गवाले, पुढे ग्रामपंचायत आणि पीएमआरडीए (महानगर विकास प्राधिकरण), शेवटी एमआयडीसी. पोर्टल एक आहे हे खरं. पण पोर्टलमागे बसलेले साहेब सहा आहेत, आणि पाच जणांनी होय म्हटलं तरी सहाव्याच्या हद्दीत आमचं मशीन उभं राहत नाही. शहराच्या दुसऱ्या अंगाला गेलात तर कॅन्टोन्मेंट. पुणे, खडकी, देहूरोड, तिघांच्या जमिनीचा मामला संरक्षण खात्याशी, तिथला तर हिशोबच वेगळा.

---

नारायण_पेठी

> "एक वीस... एक तीस..."

अच्छा, म्हणजे आमच्या खिडकीखाली रात्री अडीचला लिलाव चालतो तो हाच होय!

---

निवृत्त_स्थापत्य

धागाकर्त्यांचा सूर असा दिसतो की महापालिका लुटते. मी एका नगरपालिकेत रस्ते विभागात नोकरी केली आहे (पुण्यात नाही), म्हणून दुसरी बाजू मांडतो. कृपया शांतपणे वाचावी.

फूटभर रुंदीचा चर घेतला म्हणजे फूटभर रस्ता खराब झाला असं नसतं. डांबराचा थर कापला की दोन्ही कडांतून पाणी आत शिरतं. खालचा खडीचा थर भिजतो आणि चराच्या दोन्ही बाजू खचू लागतात. चर भरताना थराथरानं मुरूम टाकायचा, पाणी मारायचं, धुम्मस करायचं, मग खडी, मग डांबर. प्रत्यक्षात काय होतं? निघालेलीच माती परत ढकलतात, वर दोन पाट्या खडी पसरतात, फोटो काढतात आणि ट्रक पुढच्या साइटवर. पहिल्या पावसात चर बसतो, दुचाकीवाला पडतो, आणि फोन कंपनीला जात नाही. तो अभियंत्याला येतो. दर चढे ठेवायचं हे खरं कारण आहे. रस्ता पुन्हा करायचा खर्च आम्ही आधीच वसूल करून घेत होतो, कारण नंतर कुणी सापडत नाही.

अर्थात वसूल केलेला पैसा त्याच रस्त्यावर खर्च होतो का, हा प्रश्न तुम्ही विचारणार. विचाराच. मीही विचारत असे.

आता त्या 67 दिवसांबद्दल. पुण्यात खोदाई साधारण 1 ऑक्टोबर ते 30 एप्रिल एवढ्याच काळात करू देतात, पावसाळ्यापूर्वी रस्ते नीट करता यावेत म्हणून. आता समजा कंपनीनं मार्चच्या पहिल्या आठवड्यात अर्ज केला. कार्यालयानं काहीच केलं नाही. मेच्या दुसऱ्या आठवड्यात परवानगी मिळाली असं कायद्यानं धरलं. हातात परवानगी आली आणि खोदाई ऑक्टोबरपर्यंत बंद! कायदा कुणीही मोडला नाही आणि पाच महिने गेले. दिल्लीत बसून नियम करणाऱ्यांना आपला मृग नक्षत्र ठाऊक असायचं कारण नाही.

शिवाय नुकत्याच केलेल्या रस्त्याला, ठेकेदाराच्या दोषदायित्वाच्या काळात हात लावू देत नाहीत. तो लावू दिला तर ठेकेदार दुसऱ्या दिवशी हमीतून मोकळा.

---

धायरी_फाटा

काका, लुटते असं मी म्हटलेलं नाही. पण तुमच्या शेवटच्या परिच्छेदातच आमची गोष्ट आहे. आमचा रस्ता नव्यानं काँक्रीटचा झालाय. करताना खाली रिकामा पाइप टाका म्हणून आम्ही अर्ज दिला होता. "अंदाजपत्रकात तरतूद नाही" असं उत्तर आलं. आता काँक्रीट फोडायला कुणी परवानगी देणार नाही, आणि दिली तरी कंपनी पैसे भरणार नाही. कुठलं कार्यालय ते लिहीत नाही. बदली होऊन माणसं गेलीही असतील.

---

केबलवाला_दादा

राम राम मंडळी. मी लोकल केबल ऑपरेटर, वीस-बावीस वर्षं धंद्यात. टीव्हीची केबल टाकत टाकत नेटवर आलो.

तुम्ही सगळे जमिनीखालचं बोलताय. अर्ध्या पुण्याचं नेट हवेतून येतं हो. एका बिल्डिंगवरून दुसऱ्या बिल्डिंगवर, मधे विजेचा खांब, पुढे गुलमोहर. कायदेशीर का? तुम्हीच सांगा. 2021 मध्ये केंद्रानं नियमात बदल करून वरून जाणाऱ्या फायबरची पण सोय केली, किलोमीटरला एकदाच जास्तीत जास्त 1000 रुपये. वाचून आनंद झाला. पण खांब कुणाचा? रस्त्यावरच्या दिव्याचा खांब पालिकेचा, विजेचा महावितरणचा. त्यांनी होय म्हणायला पाहिजे, त्यांचं भाडं वेगळं. आणि 2022 ला जे वर्षाला 300 रुपयांचं आलं, ते 5जीच्या छोट्या पेट्या खांबावर लावायला शहरातलं भाडं. आमच्या केबलला नाही. एका मेंबरनं तो कागद मला दाखवून "दादा आता 300 मध्ये काम होतं" सांगितलं, म्हणून लिहितो.

दर वर्षी गणपतीच्या आधी मिरवणुकीच्या रस्त्यांवरच्या वायरी काढायला सांगतात. बरोबरच आहे. रथाची उंची, देखावा, वरती पोरं बसलेली. पण कापायला येणारा माणूस एकच बघतो, ही वायर खाली लोंबतेय. चालू का बंद ते बघत नाही. घ्या पक्कड, कापा. मग अनंत चतुर्दशीला लोक विसर्जनाचं थेट प्रक्षेपण बघायला बसतात आणि मला फोन, "दादा, नेट गेलं." मी स्वतः मिरवणुकीत ढोल वाजवत असतो!

जमिनीखाली घालायला आमची ना नाही. पण मीटरला बारा हजार भरून कनेक्शन पाचशे रुपयांत कसं देऊ? मोठ्या कंपनीला जमेल. छोटा माणूस मरेल. डक्ट काढली आणि भाडं रास्त ठेवलं तर मी पहिला अर्ज करीन.

---

सी_विंग_सचिव

+1 दादांना. खरं सांगायचं तर शेवटचा अडथळा सरकारी नसतोच, तो आमच्यासारख्यांचा असतो. मी सोसायटीचा सचिव आहे, तेव्हा घरचा आहेर समजा.

बिल्डरनं इमारत दिली तेव्हाच एका कंपनीशी करार करून ठेवला होता. शाफ्टमध्ये त्यांचीच केबल, दुसऱ्या कुणाला जागा नाही. करार संपल्यावर दुसरी कंपनी आली, तर कमिटीत चर्चा काय? "आपल्याला काय मिळणार?" एकानं क्लबहाउसला फुकट वायफाय मागा म्हटलं. एकानं वार्षिक भाडं. एकानं टेरेसवर पेटी बसली की रेडिएशन येतं म्हणून लेखी हरकत दिली. फायबरच्या पेटीला! काच आणि प्रकाश आहे हो त्यात. शेवटी कंपनी शेजारच्या सोसायटीत गेली आणि आमच्यातले घरून काम करणारे अजून मला जिन्यात गाठतात.

नियम आहेत, पण ते नव्या बांधकामांसाठी. 2022 मध्ये केंद्राच्या नमुना इमारत नियमावलीत भर घातली गेली, की इमारतीच्या आत दूरसंचारासाठी डक्ट आणि जागा आराखड्यातच ठेवावी. 2024 मध्ये ट्रायनं (दूरसंचार नियामकानं) इमारतींना डिजिटल कनेक्टिव्हिटीसाठी मानांकन द्यायची पद्धत आणली, फ्लॅट घेताना बघता येईल. ट्रायनं त्याआधी 2017 लाच शिफारस केली होती की इमारतीत एकाच कंपनीची मक्तेदारी नको. आमच्यासारख्या जुन्या इमारतींना मात्र सर्वसाधारण सभा हाच कायदा.

---

टेम्सकाठचा_पुणेकर

मी इंग्लंडमध्ये असतो. तिकडचं थोडं सांगतो, 'आमच्याकडे बघा कसं' या सुरात नाही. तिथेही वैतागाला कमी नाही.

सचिवांचा प्रश्न तिथे कायद्यानं हाताळला. फ्लॅटमधल्या भाडेकरूनं नेट मागितलंय, कंपनी इमारतीच्या मालकाला पत्रांवर पत्रं पाठवतेय, आणि मालक उत्तरच देत नाही, अशी असंख्य प्रकरणं होती. 2021 च्या कायद्यानं अशा मुक्या मालकाच्या बाबतीत कंपनीला न्यायाधिकरणाकडे जाऊन ठराविक मुदतीचा तात्पुरता हक्क मिळवायची सोय केली. मालकानं 'नाही' म्हटलं तर तो रस्ता नाही, गप्प बसला तरच. आणि डिसेंबर 2022 पासून इंग्लंडमध्ये नवीन घराला गिगाबिट जोडणीची सोय करणं बिल्डरवर बंधनकारक आहे, खर्चाच्या ठराविक मर्यादेत.

निवृत्त_स्थापत्य काकांच्या मुद्द्याला तिथलं उत्तर 1991 च्या रस्तेकामाच्या कायद्यात आहे. जो खोदतो त्यानंच ठरलेल्या दर्जानं रस्ता पूर्ववत करायचा आणि दोन वर्षं हमी द्यायची. खोल खोदाई असेल तर तीन. चर खचला तर परत यायचं स्वतःच्या खर्चानं. पालिका आधी रग्गड पैसे घेऊन बसत नाही. ती नंतर तपासते आणि नापास झालं तर वसूल करते.

आणि डक्टचं म्हणाल तर जुन्या सरकारी टेलिफोन कंपनीची जी डक्ट आणि खांब आहेत, ते प्रतिस्पर्ध्यांना भाड्यानं द्यायला नियामकानं भाग पाडलंय. बरंचसं नवं फायबर त्या जुन्या डक्टमधूनच गेलंय. जिथे डक्ट मिळाली नाही तिथे कंपन्यांनी लाकडी खांब उभे केले, तर हलसारख्या शहरात लोक रस्त्यावर उतरले, आमच्या दारासमोर खांब नको म्हणून. तेव्हा अडथळा काढला की तो नाहीसा होतो असं नाही, शेजाऱ्याच्या दारात जातो.

---

निवृत्त_स्थापत्य

दोन वर्षांची हमी उत्तम. पण ती तपासायला माणसं लागतात. तिथे तपासनीस आहेत. इथे एका कनिष्ठ अभियंत्याकडे रस्ते, गटारं, निवडणुकीची ड्युटी आणि साहेबांचा दौरा.

---

उडता_डेटा

एवढं खणायचंच कशाला पण? सप्टेंबर 2023 मध्येच पुण्यात एअरफायबर आलंय. गच्चीवर डबा लावला, खाली राउटर, काम खलास. 5जी येऊन किती वर्षं झाली! हा सगळा धागाच कालबाह्य आहे.

---

बोअर_मशीन

उडता, तुमच्या डब्याचा सिग्नल ज्या टॉवरवरून येतो, त्या टॉवरच्या पायथ्याला मी फायबर ओढून दिलंय. टॉवर हवेतून सिग्नल देतो, पण त्याला स्वतःला डेटा जमिनीतून लागतो. मायक्रोवेव्हवरही टॉवर चालतात, पण संध्याकाळी सगळी सोसायटी क्रिकेट बघायला बसली की तिथे चक्र फिरायला लागतं. जेवढी जास्त घरं हवेवर, तेवढं जास्त फायबर टॉवरला. म्हणजे खणायचं आहेच, फक्त तुमच्या दारात नाही.

---

धायरी_फाटा

टॉवरवरून आठवलं. टॉवरला मिळकतकर लावायचा की नाही यावर वर्षानुवर्षं कोर्टबाजी झाली. डिसेंबर 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गुजरातच्या प्रकरणात कर लावता येतो असं सांगितलं. मग 2023 च्या कायद्यानं म्हटलं की दूरसंचार जाळं हे ज्या मिळकतीवर उभं आहे तिच्यापेक्षा वेगळं धरावं, मिळकतकरासाठीसुद्धा. कंपन्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरेल, पण महापालिकांचं उत्पन्न जाईल. आणि ज्या महापालिकेचं उत्पन्न तुम्ही असं कमी करता, ती खोदाईचा दर खाली आणायला राजी होईल का? एका खिशातून काढलं तर दुसऱ्यातून घेणारच. हे दिल्लीत कुणी एकत्र मांडून बघितलंय असं दिसत नाही.

---

तोरण्याच्या_पायथ्याला

शहरवाल्यांनो, आमचंही ऐका. राजगड तालुका, म्हणजे कालपरवापर्यंतचा वेल्हा. पुण्यापासून दोन तास, पण नेटच्या हिशोबानं दुसरं राज्य.

आमच्याकडे खोदाईचा दर हा मुद्दाच नाही, खणा म्हणावं कितीही. फायबर ग्रामपंचायतीपर्यंत आलंसुद्धा. गावोगावी फायबर न्यायची केंद्राची ही योजना जुनी आहे, 2011 ला मंजूर झाली तेव्हा नाव वेगळं होतं, 2015 ला भारतनेट झालं. आता अडचणी कुठल्या ते सांगतो. एक, घाटात रस्ता रुंद करायला जेसीबी आला की केबल तुटते, आणि लाइन एकाच दिशेनं आलेली असली की पुढची सगळी गावं अंधारात. 2023 ला केंद्रानं 1 लाख 39 हजार कोटींचा सुधारित कार्यक्रम मंजूर केला, त्यात ही जाळी वर्तुळात बांधायची आहे, म्हणजे एकीकडे तुटली तर दुसरीकडून चालू. हे झालं तर खरंच फरक पडेल. दोन, वाटेत वनखात्याची जमीन. तिथे 67 दिवस वगैरे बोलू नका, साहेब हसतात.

तिसरी अडचण कुठल्याच नियमात नाही. पेटी ज्या खोलीत आहे तिची किल्ली एकाकडे, तो मुलीकडे पुण्याला गेलेला, आणि खोलीचं वीजबिल थकलेलं. फायबर आहे, पेटी आहे, दिवा लागत नाही. आमच्या शिक्षिका शाळेचे ऑनलाइन अर्ज भरायला फोन घेऊन टेकाडावर जातात. कुठलं गाव ते नका विचारू, सरपंच नात्यातले आहेत.

---

नारायण_पेठी

किल्लीचा मुद्दा पोर्टलवर टाका. 67 दिवसांत सापडली नाही तर सापडली असं धरू.

---

धायरी_फाटा

हा हा! नंदीबैलासारखे सगळेच मान डोलावतायत, पण डक्टबद्दल कुणी विरोधात लिहीना. मीच लिहितो थोडं.

पुण्यात हे सुचलं नव्हतं असं नाही. समान पाणीपुरवठा योजनेच्या वेळी, 2017 मध्ये, नव्या जलवाहिन्यांसोबत केबलसाठी डक्ट टाकायची असा विषय निविदेत होता. त्याच जूनमध्ये महापालिकेनं या योजनेसाठी 200 कोटींचे कर्जरोखे काढले, मोठा गाजावाजा झाला. पण डक्टच्या खर्चावरून वाद पेटला, निविदा रद्द होऊन पुन्हा काढाव्या लागल्या. पाण्यासाठी रस्ते खणायचेच होते, तेव्हा त्याच चरात पाइप टाकणं हा विचार मुळात चुकीचा नव्हता. किमतीवर भांडण रास्त होतं. कल्पनाच बदनाम झाली याचं वाईट वाटतं. पिंपरी-चिंचवडनं स्मार्ट सिटीतून स्वतःचं भूमिगत फायबर टाकलं आणि ते भाड्यानं द्यायच्या मागे लागले. तिथेही भाडं, मुदत, एकालाच द्यायचं की अनेकांना, यावर घोळ झाले.

2023 च्या कायद्यात सामाईक डक्ट आणि केबल कॉरिडॉरची तरतूद आहे. मोठ्या पायाभूत प्रकल्पांत केंद्र तशा डक्ट करायला सांगू शकतं, आणि त्या सगळ्यांना खुल्या ठेवायच्या. महामार्गाला ते होईल. आमच्या नऊ मीटरच्या रस्त्याला कोण अधिसूचना काढणार?

---

निवृत्त_स्थापत्य

डक्टच्या विरोधात मी लिहितो, कारण मी ती सांभाळली आहे. डक्ट टाकणं सोपं. वर्षभरात चेंबरमध्ये गटाराचं पाणी, दोन वर्षांत झाकण चोरीला, तीन वर्षांत कुणीतरी न विचारता आपली केबल घातलेली, आणि कुणाच्या किती केबल आहेत याची नोंदवही नाही. मग नवीन कंपनी येते, दोरी ओढते, अडकते. "डक्ट ब्लॉक आहे" असा शेरा मारून बाजूला नवा चर घेते. म्हणून डक्ट टाकताना दोन गोष्टी आधी ठरवा: देखभालीचा माणूस कोण आणि भाडं कुठल्या खात्यात जमा होणार. भाडं सर्वसाधारण खात्यात गेलं तर त्या चेंबरला रुपया मिळणार नाही. रस्त्याच्या देखभालीच्या शीर्षाखालीच ठेवा.

आणि रुंदी विचारात घ्या. केबलवाल्या दादांसाठी एक वेगळी बारीक पाइप राखून ठेवा, नाहीतर पहिला मोठा खेळाडू सगळी जागा अडवून बसेल आणि आतून रिकामी.

---

केबलवाला_दादा

काका तुमच्या तोंडात साखर पडो 🙏 हे शेवटचं वाक्य कुठल्याही सरकारी कागदात वाचलं नाही.

---

सी_विंग_सचिव

मग करायचं काय प्रत्यक्षात? आमच्या मागचा डीपी (विकास आराखड्यातला) रस्ता अजून व्हायचाय. तो झाल्यावर बोंब मारण्यात अर्थ नाही.

---

धायरी_फाटा

महापालिका नागरिकांकडून प्रभागातल्या कामांच्या सूचना मागवते, अंदाजपत्रकासाठी. 2006-07 च्या सुमारास सुरू झालेली पद्धत आहे. लोक बाकडी आणि पेव्हर ब्लॉक मागतात. तुम्ही रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पदपथाखाली रिकामी डक्ट मागा, ठराविक अंतरावर चेंबर, आणि दर चौकात रस्ता ओलांडणारी एक पाइप. ती ओलांडणारी पाइप विसरू नका, पुढे काँक्रीट फोडायला लागतं ते तिथेच. काका, मोजमापाचा मजकूर तुम्ही लिहून द्याल का?

---

निवृत्त_स्थापत्य

देतो. सचिवांनी रस्त्याची लांबी, रुंदी आणि पावसाळी गटार कुठल्या बाजूला आहे ते व्यनि (खासगी निरोप) करावे. गटार ज्या बाजूला असेल तिथे डक्ट त्याच्या वरच्या पातळीला घ्यावी लागेल. आणि अर्ज एका सोसायटीचा नको, रस्त्यावरच्या सगळ्यांच्या सह्या घ्या, रेडिएशनवाल्या गृहस्थांचीसुद्धा.

---

सी_विंग_सचिव

त्यांची सही मिळेल. त्यांचा मुलगा आठवडाभर घरून काम करायला आलाय आणि रोज माझ्याकडे पासवर्ड मागतोय.